लार्चच्या सुईचा अंगरखा

मी सहजासहजी थक्क होणारी बाई नाही. माझं कामच तसं आहे. जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या गाड्यांना दारांची रबरी सीलं पुरवणाऱ्या एका कंपनीत मी चाचणी विभागात आहे. यंत्राच्या हातानं दार उघडायचं, आपटायचं, पुन्हा उघडायचं, पुन्हा आपटायचं, आणि रबर फाटलं की ते का फाटलं हे शोधून काढायचं. अशी वर्षं गेली की कुठलीही वस्तू दिसली तरी 'ही मोडेल कुठे' हाच विचार आधी येतो. नवरा म्हणतो, तू लग्नाच्या मांडवातसुद्धा बांबूच्या गाठी तपासत होतीस. ते खोटं आहे. मी एकच खांब हलवून पाहिला होता.

तर अशा बाईची बोलती एका अळीनं बंद केली. तिळाएवढी अळी, आणि तीही आमच्या मागच्या बागेतल्या झाडावरची. त्या झाडाखाली माझे बाबा होते. म्हणजे त्यांची चिमूटभर राख होती. ते आधी सांगायला हवं.

बाबा नागपूरला वारले, उन्हाळ्याच्या सुरुवातीला. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये त्यांची नोकरी झाली होती, आणि देव, आत्मा, पिंडदान ह्यातलं काहीही त्यांच्यासमोर कुणी काढलं की त्यांचा पारा चढायचा. "माझ्यामागं नदीबिदीत काही न्यायचं नाही," असं त्यांनी किती तरी वेळा बजावलं होतं. "झाडाला घाला. निदान खत तरी होईल." आमच्या बौद्ध घरांत ही रीत आता बऱ्याच ठिकाणी आहे. एखादं झाड लावायचं आणि राख त्याच्या मुळाशी घालायची. भावानं कॉलनीच्या बागेत पिंपळ लावला. आईनं मात्र त्यातली चिमूटभर राख एका स्टीलच्या डबीत बाजूला काढून ठेवली. बाबांना माझं इथलं घर बघायचं होतं. हृदयाच्या दुखण्यामुळं डॉक्टरांनी विमानप्रवासाला नाही म्हटलं आणि ते राहून गेलं ते राहूनच गेलं. ऑगस्टमध्ये आई एकटी आली तेव्हा तिच्या पर्समध्ये, गोडा मसाल्याच्या पुडीला लागून, ती डबी होती.

आम्ही शहराबाहेरच्या एका गावात राहतो. तळमजला आमच्याकडे भाड्यानं, वर घरमालकीणबाई. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, कण्यानं ताठ आणि नियमानं त्याहून ताठ. दुपारी मिक्सर लावायचा नाही, रविवारी कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत, दह्याचा डबा धुऊन कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत आणि त्याचं झाकण सोडवून वेगळं. बाग दोन्ही घरांना मिळून होती, पण तिथला कायदा त्यांचा.

आईनं दोन दिवस बागेत फेऱ्या मारून झाड निवडलं. "सफरचंद नको, त्याची फळं लोक खातील. तो पांढऱ्या बुंध्याचा नको, त्याची पानं गळून जातात. हे घे." हे म्हणजे कोपऱ्यातलं सगळ्यात उंच झाड, सुयांसारख्या हिरव्या पानांचं. "हे ख्रिसमसचं झाड. ह्याला पानगळ नसते. तुझे बाबा बाराही महिने हिरवे राहतील." मी मान डोलावली. सुयांसारखी पानं म्हणजे सदाहरित, हे मला चौथीपासून पाठ होतं. आईनं तर ते शाळेत बाई म्हणून पिढ्यान् पिढ्या पोरांकडून घोकून घेतलं होतं.

नवऱ्यानं एकदाच आठवण करून दिली. "इथे राख स्मशानाबाहेर ठेवायला परवानगी नाही, माहीत आहे ना? आणि बाग आपली नाही."

"चिमूटभर आहे," आई म्हणाली. सासूपुढे त्याचं कधीच काही चालत नाही.

रविवारी सकाळी आई पांढरं लुगडं नेसली. बुंध्याशी मेणबत्ती लावली, उदबत्ती लावली, आणि आम्ही तिघांनी हळू आवाजात त्रिसरण आणि पंचशील म्हटलं. मग तिनं चमच्यानं माती उकरली, डबी उलटी केली, माती पुन्हा सारखी केली आणि हात तिथेच ठेवून बसली. मी वर पाहिलं तर बाल्कनीत घरमालकीणबाई उभ्या.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"वडिलांची आठवण करतोय."

"आख सो," म्हणजे 'अस्सं', एवढंच म्हणून त्या आत गेल्या. चोराच्या मनात चांदणं. त्यांनी डबी पाहिली की नाही, ह्या विचारानं मला दिवसभर जेवण गोड लागलं नाही.

ऑक्टोबर लागला आणि झाड पिवळं पडायला लागलं. आधी वाटलं, ऊन तिरकं झालंय म्हणून तसं दिसतंय. बघता बघता ते हळदीसारखं झालं, आणि मग वारा आला की सुया झरझर खाली. फरशीवर, गाडीच्या काचेवर, आईच्या केसांत. आई खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, "मरून राहिलं गं हे. राखेनंच मेलं का?"

"चिमूटभर राखेनं एवढं झाड मरतं का आई?"

"मग कशानं? ख्रिसमसचं झाड कधी पिवळं पडलेलं पाहिलंस तू?"

नव्हतं पाहिलं. मग काय, आम्ही दोघी त्याला पाणी घालायला लागलो. पाऊस पडत असताना, डोक्यावर छत्री धरून, बादलीनं. आईनं तांदळाचं धुवण घातलं, ताक घातलं. एका सकाळी ती बुंध्याला हात लावून बाबांशी बोलताना मला ऐकू आली. आयुष्यभर ज्या माणसाबरोबर ती अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं देत फिरली, त्याच्याशीच. "अहो, इथं तरी नीट राहा ना," एवढंच म्हणाली. मी मागच्या मागं आत गेले.

शेवटी घरमालकीणबाई खाली आल्या. "तुम्ही ह्याला रोज आंघोळ का घालताय?"

मी म्हटलं, झाड मरतंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताकाच्या भांड्याकडे पाहिलं आणि त्या हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले. "अहो, ही लेर्शे आहे. लार्च! आमच्याकडच्या सुयावाल्या झाडांत ही एकटीच दर शरदात सगळ्या सुया टाकून देते. मेमध्ये बघा तिला."

मी आईला सांगितलं. ती परत खिडकीशी गेली. "बघ," मग ती म्हणाली, "निवडून निवडून पानगळीचंच निवडलं मी." आणि आम्ही दोघी रडेपर्यंत हसलो. खरं तर त्यातलं थोडं रडणंच होतं. महिना संपता संपता तिचा व्हिसा संपत आला आणि ती नागपूरला परत गेली. निघताना झाडावर एक सुई उरली नव्हती, पण तिला आता त्याची काळजी नव्हती.

हिवाळाभर रोज व्हिडिओ कॉल. आई माझा चेहरा बघायच्या आधी म्हणायची, "झाड दाखव." मी बाहेर जाऊन काळ्या काटक्या दाखवायची. एप्रिलमध्ये त्या काटक्यांवर हिरवे मऊ झुबके फुटले तेव्हा आईनं तिकडून टाळ्या वाजवल्या.

ते हिरवेपण जेमतेम पंधरवडा टिकलं. मे उजाडला आणि झुबक्यांची टोकं फिकट व्हायला लागली, मग पांढुरकी, मग तपकिरी. लांबून बघितलं तर कुणीतरी झाडावरून मशाल फिरवल्यासारखं दिसायचं. ह्या वेळी घरमालकीणबाई हसल्या नाहीत. आदल्या वर्षी कुंपणालगतचं स्प्रूसचं झाड असंच तपकिरी झालं होतं. तेव्हा त्या थांबल्या, आणि वादळात ते गॅरेजच्या छतावर पडलं. "ह्या वेळी मी थांबणार नाही," त्या म्हणाल्या. "पक्ष्यांची घरटी असतात तोवर हात लावता येत नाही. ऑक्टोबरमध्ये माणसं बोलावते आणि काढून टाकते. घराला फार जवळ आहे ते."

मी काय बोलणार? छताची काळजी त्यांची, झाड त्यांचं, बाग त्यांची. माझं कारण मातीत होतं आणि ते सांगायची सोय नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण माझ्या झाकल्या मुठीत जे होतं तेच आता मुळासकट निघणार होतं. त्यात दुसऱ्या आठवड्यात आई येणार होती, बुद्धपौर्णिमेला त्या झाडाशी मेणबत्ती लावायला.

मग मला जे येतं तेच मी केलं. मोडलेला भाग ऑफिसात नेला. एक फांदी तोडून प्लास्टिकच्या डब्यात घातली, आणि जेवणाच्या सुट्टीत, रबराच्या चिरा बघायच्या मायक्रोस्कोपखाली ठेवली.

आधी दिसल्या त्या सुया. टोकाकडून अर्ध्या पोकळ, इतक्या पोकळ की खालचा उजेड त्यांतून आरपार दिसत होता. आतला हिरवा गर संपलेला, बाहेरची साल शाबूत. मी मनात लिहिलं : आतून झीज. मग एका सुईला काटकोनात चिकटलेली एक छोटी पिवळट नळी दिसली. गवताच्या काडीचा तुकडा असावा तशी. कचरा समजून मी चिमट्यानं ती बाजूला करायला गेले आणि नळी चालायला लागली.

मी चिमटा टाकला. नळीच्या तोंडातून काळं, चकचकीत डोकं बाहेर आलं, पाठोपाठ इवले पाय. त्या पायांवर ती आख्खी नळी उचलून ती अळी पुढच्या सुईपर्यंत गेली, तिथे नळीचं तोंड टेकवलं, सुईला भोक पाडलं आणि आत शिरली. पण पूर्ण नाही. शेपूट नळीत ठेवून जेवढं आत जाता येईल तेवढंच. सुईच्या पातळ सालीतून तिचं डोकं गर कुरतडत सरकताना मला दिसत होतं. मी भिंगाची ताकद वाढवली. नळीवर लांबीला एक जोड होता, सरळ. ती नळी म्हणजे पोखरलेली सुईच होती. कापून घेतलेली, आतून रेशमानं लिंपलेली. तिनं आपलं जेवण आतून खाल्लं होतं, उरलेल्या सालीचा अंगरखा केला होता आणि तो घालून ती पुढच्या जेवणाला निघाली होती.

माझा सहकारी मागून येऊन म्हणाला, "हा कुठल्या मॉडेलचा भाग?" मी सरकून त्याला मायक्रोस्कोपपुढे जागा करून दिली. आम्ही दाराच्या एका सीलसाठी वर्ष वर्ष भांडतो, इतकं पातळ हवं, इतकं लवचीक हवं, पाणी आत यायला नको. आणि इथे हे सगळं एका किड्यानं, ज्याच्या डोक्यात मेंदू मावायलाही जागा नाही, कुणाला न विचारता करून ठेवलं होतं. मूर्ती लहान पण कीर्ती महान, हे मी आजवर बुटक्या क्रिकेटपटूंबद्दलच ऐकलं होतं.

मग वाचत सुटले. हा एक पतंग. त्याची मादी उन्हाळ्यात सुईवर अंडं घालते. अळी अंड्याच्या तळाला भोक पाडून थेट सुईत उतरते. बाहेरची हवाही तिला लागत नाही. शरदापर्यंत ती आतच, मग अंगरखा. वसंतात अंग वाढतं आणि अंगरखा तंग होतो. अंथरूण पाहून पाय पसरावे ही आपली शिकवण तिला मान्य नाही. ती दुसरी सुई पोखरते, जुन्या अंगरख्याची शिवण उसवते आणि नवं कापड जोडून तो मोठा करून घेते. आणि मुख्य गोष्ट, जी वाचून मी खुर्चीत मागे टेकले : लार्च सहसा ह्यानं मरत नाही. जूनमध्ये अळ्यांचं खाणं संपतं आणि झाड पुन्हा नव्या सुया काढतं.

आई आली. विमानतळावरून येताना तिला सगळं सांगितलं, तोडण्याचंसुद्धा. घरी आल्यावर ती चप्पल न काढता थेट बागेत गेली आणि झाड बघून तिचा चेहरा उतरला. मी तिच्या हातात भिंग दिलं.

"ही तर आपली नागअळी," ती एक सुई उजेडात धरून म्हणाली. काटोलकडे तिचं माहेर. संत्र्याच्या पानांवर नागमोडी रेघा काढणारी अळी तिनं लहानपणापासून पाहिलेली. "पण ती घर सोडून फिरत नाही." मग तिला एक नळी चालताना दिसली. आईनं भिंग डोळ्यापासून बाजूला केलं नाही. चहा गार झाला, मी दोनदा हाक मारली. आमच्या शाळांत पूर्वी शिवण हा विषय असायचा, तो आईनंच शिकवलेला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "उलटी शिलाई आहे बघ. आतून. बाहेर टाका दिसत नाही." आणि मग, अगदी हळू, "हिला कुणी शिकवलं असेल गं?"

घरमालकीणबाईंनी मध्यंतरी बागकामाच्या दुकानातून फवारणीचं औषध आणून दारात ठेवलं होतं. त्यांच्या परीनं ती मदतच होती. मी ते आईला दाखवलं. झाड वाचवायचं तर निदान खालच्या फांद्यांवर मारू या, मी म्हटलं. मला खरोखर तसं वाटत होतं. अळी कितीही हुशार असो, माझे बाबा त्या झाडाखाली होते.

"रोज सकाळी प्राणिहत्या करणार नाही म्हणायचं," आई म्हणाली, "आणि दुपारी पंप घेऊन बाहेर पडायचं?"

"आई, ते झाड काढणार आहेत."

"कळतं मला." तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "थांब ना जरा. तूच म्हणालीस, जूनमध्ये परत फुटतं."

बुद्धपौर्णिमेला आम्ही त्या करपलेल्या झाडाखाली मेणबत्ती लावली. वाऱ्यानं ती दोनदा विझली. आईनं ओंजळ आडवी धरून ती पेटती ठेवली आणि तिचे डोळे सगळा वेळ वर फांद्यांकडे होते.

जूनमध्ये पतंग निघाले. संध्याकाळी सूर्य तिरपा असताना झाडाभोवती राखाडी, चंदेरी काहीतरी उडताना दिसलं. तांदळाच्या दाण्याएवढे, पंखांना झालर. आई खुर्ची टाकून त्यांच्यात बसली. एक तिच्या मनगटावर बसला, आणि ती म्हणाली, "पुनर्जन्म वगैरे मी म्हणत नाही हां. तुझे बाबा उठून बसतील." मी हसले. "पण राख मातीत गेली, मातीतलं झाडानं घेतलं, झाडाचं अळीनं खाल्लं. एवढं तर शाळेच्या पुस्तकातलंच आहे ना?" मी हो म्हटलं. त्या धुळीच्या रंगाच्या पंखांकडे बघताना माझ्या अंगावर काटा आला होता, आणि मी काही भावनेच्या आहारी जाणारी बाई नाही.

महिना संपता संपता लार्चनं नव्या सुया काढल्या. पहिल्याइतक्या दाट नाहीत, पण हिरव्या. मी घरमालकीणबाईंना बोलावून दाखवल्या. "हो, हो," त्या म्हणाल्या, "पण पुढच्या मेमध्ये पुन्हा असंच होणार ना? आणि छत तेच." त्यांचं चूक नव्हतं.

जुलैत आई परत निघाली. विमानतळावर ती म्हणाली, "तोडलं तर तोडू दे. त्या म्हातारीशी भांडू नको. बाबा काय झाडात बसलेत?" हे तिनं इतक्या सहज म्हटलं की मी जवळजवळ विश्वास ठेवला. मग सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभी असताना तिनं मला फोन लावला, मी अजून काचेपलीकडे उभी असताना. "ऑक्टोबरमध्ये नक्की कधी येणार ती माणसं?" तिनं विचारलं.

सप्टेंबरात मी रोज भिंग घेऊन झाडाशी. नव्या अळ्या सुयांतून बाहेर पडत होत्या. प्रत्येकीनं आपला पहिला अंगरखा कापून घेतलेला, इतका छोटा की श्वास लागला तर उडेल. ऑक्टोबरात झाडावर पिवळेपणाची पहिली छटा आली आणि एके दिवशी मला दिसलं की अंगरखे सुयांवर नाहीत. ते चालले होते. सुईवरून काटकीकडे, एकामागून एक. काटकीवर, पुढच्या वसंतात जिथे झुबका फुटणार त्या कळीजवळ जाऊन अळी अंगरख्याचं तोंड रेशमानं बांधून टाकायची आणि आत निजायची. त्यानंतर सुया गळायला लागल्या.

मी तिथेच ओल्या गवतात बसले. गेल्या वर्षी ह्याच झाडाखाली आम्ही, एक इंजिनिअर आणि एक निवृत्त शिक्षिका, ताक ओतत होतो. हे झाड सुया टाकतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ह्या अळीला ठाऊक होतं. हिनं ह्याआधी एकही पानगळ पाहिली नव्हती, हिची आई कधीच मेलेली, आणि तरी जे गळणार ते सोडून जे राहणार त्याला ही वेळेत जाऊन बिलगली होती. माझे डोळे भरून आले. मी भिंग पुसलं, पण ओलं ते नव्हतं.

"काय हरवलंय?" मागून घरमालकीणबाईंचा आवाज.

मी त्यांना भिंग दिलं आणि बोलता बोलता सगळं सांगितलं, सुई, अंगरखा, बांधून घेणं. त्या कमरेत वाकल्या. एक अंगरखा अजून वाटेवर होता. त्यांनी त्याला काटकीपर्यंत पोचेस्तोवर बघितलं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा त्याला फार वेळ लागला. "माझं सगळं आयुष्य हे झाड इथे आहे," त्या सरळ होत म्हणाल्या. "मी लहान असताना बाबांनी लावलं. आणि मी हे कधी पाहिलं नाही." मग भिंग माझ्या हातात देऊन त्यांनी विचारलं, "पण तुम्ही एका किड्यासाठी रडत नाही आहात. तुमचं ह्या झाडाशी काय आहे?"

मी उभी राहिले आणि खरं सांगितलं. डबी, राख, पांढरं लुगडं, सगळं. नियम माहीत होता हेही सांगितलं.

त्यांचा चेहरा हलला नाही. आता त्या भाडेकरार आठवणार, असं मला वाटलं. "माझा नवरा गावच्या स्मशानात आहे," त्या म्हणाल्या. "ती जागा भाड्यानं असते, माहीत आहे? मुदत संपली की वाढवून घ्यायची. मी आहे तोवर मी घेते. मी गेले की मुलगा हांबुर्गला, तो काही यायचा नाही. मग थडग्याचा दगड काढतात आणि जागा दुसऱ्या कुणाला देतात." त्यांनी बुंध्याकडे पाहिलं. "नक्की कुठे ठेवलीत?"

मी बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि त्या जिना चढून वर गेल्या.

झाडं तोडणारी माणसं आली त्या दिवशी मी घरून काम करत होते. करवतीचा आवाज सुरू झाला आणि मी मीटिंगमधला आवाज बंद करून बसून राहिले. खिडकीकडे जायचं धाडस झालं नाही. आवाज लवकरच थांबला. बाहेर आले तर लार्च उभं होतं. छतावर आलेली एक मोठी फांदी तेवढी कापली होती. घरमालकीणबाई वरच्या बाल्कनीतून त्या माणसांना, चिखलाचे बूट गवताच्या कुठल्या बाजूनं न्यायचे आणि कुठल्या नाही, ते ओरडून सांगत होत्या. बुंध्याजवळून त्यांनी कुणालाही जाऊ दिलं नाही.

मी आईला फोन केला. तिनं ऐकलं, "बरं झालं" म्हणाली आणि फोन ठेवून दिला. जरा वेळानं भावाचा मेसेज आला की आईला काय झालं, रडून का राहिली.

एक नोव्हेंबरला इथे सगळ्या संतांचा सण असतो. सुट्टी असते आणि लोक आपापल्या माणसांच्या थडग्यांवर झाकणाचे लाल दिवे लावून येतात. संध्याकाळ व्हायच्या आतच अंधार पडला. आईचा कॉल आला आणि नेहमीप्रमाणे ती म्हणाली, "झाड दाखव." मी फोन घेऊन बाहेर गेले. झाड उघडं होतं, खाली पिवळ्या सुयांचा थर, आणि बुंध्याशी, बरोब्बर मी बोट दाखवलं होतं तिथे, लाल दिवा जळत होता.

"ही मेणबत्ती तू लावलीस?" आईनं विचारलं.

"नाही."

आईनं चेहरा स्क्रीनजवळ आणला. "काचेत आहे, म्हणजे वाऱ्यानं विझायची नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्यांच्या मिस्टरांचं नाव काय होतं गं? इथं मी पण एक लावते."

मला माहीत नव्हतं. त्यांच्या घराखाली इतकी वर्षं राहून मी ते कधी विचारलं नव्हतं. "थांब," मी आईला म्हटलं, आणि फोन तसाच चालू ठेवून जिना चढून वर गेले आणि बेल वाजवली.